प्रोस्टेटचे ग्रॅम सोडा, उरलेली लघवी बघा

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की पन्नाशी-साठीतल्या बहुतेक पुरुषांची नजर एकाच आकड्यावर थांबते. ‘प्रोस्टेट ४८ ग्रॅम.’ मग सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींत हिशेब सुरू होतात. कुणाची ३५, कुणाची ६०, आणि ज्याची ८० निघाली त्याच्याकडे सगळे सहानुभूतीने बघतात. प्रत्यक्षात ८० ग्रॅमवाले काका रात्रभर गाढ झोपत असू शकतात आणि ३५ ग्रॅमवाले चार वेळा उठत असू शकतात. प्रोस्टेटचा आकार आणि लघवीचा त्रास यांचं नातं फारच सैल आहे.

त्याच रिपोर्टमध्ये दोन ओळी खाली आणखी एक आकडा असतो. ‘पोस्ट व्हॉइड रेसिड्यू’, म्हणजे लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती मिली शिल्लक राहिली. माझं मत विचाराल तर आधी तो वाचावा. त्रास प्रोस्टेट देते, पण तो भोगतं मूत्राशय, आणि त्याच्या मागे बसलेल्या दोन किडन्या.

अडथळा नेमका कुठे होतो?

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी, खालच्या बाजूला असते आणि लघवीची नळी तिच्या मधोमध जाते. तरुणपणी तिचं वजन २० ग्रॅमच्या आसपास, आकार अक्रोडाएवढा. वीर्यातला काही द्रव तयार करणं एवढंच तिचं काम. लघवी तयार होणं किंवा साठवणं याच्याशी तिचा काही संबंध नाही, फक्त बसलीय अडचणीच्या जागी.

चाळिशीनंतर नळीला लागून असलेला तिचा आतला भाग हळूहळू वाढू लागतो. पन्नाशीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते. ऐंशी ओलांडलेल्या बहुतेकांमध्ये ती असतेच. ही साधी वाढ आहे, कॅन्सर नाही आणि तिचा पुढे कॅन्सरही होत नाही. वाढ बाहेरच्या दिशेने झाली तर वजन वाढतं पण नळी मोकळी राहते. उलट मधला भाग थोडासाच वाढला आणि मूत्राशयाच्या तोंडात डोकावू लागला, तर ३० ग्रॅमची प्रोस्टेटही माणसाला रडवते. शिवाय प्रोस्टेटमध्ये आणि मूत्राशयाच्या तोंडाशी अनैच्छिक स्नायू असतात. ते आवळलेले राहिले की वाट आणखी अरुंद होते. म्हणजे अडथळ्याचे दोन भाग आहेत: वाढलेला गोळा आणि आवळलेला स्नायू. औषधंही दोन वेगळ्या जातीची असतात ती यामुळेच.

आता मूत्राशयाकडे या. पुढची वाट अरुंद झाली की ते जास्त जोर लावतं. काही वर्षं जोर लावल्यावर त्याची भिंत जाड होते, आणि जाड भिंतीचं मूत्राशय चिडखोर बनतं. थोडी लघवी जमली तरी ‘आत्ताच्या आत्ता’ असा हुकूम सुटतो. या टप्प्यावर त्रास मोठा असतो, पण मूत्राशयात ताकद शिल्लक असते. अडथळा तसाच राहिला तर काही जणांत पुढे ते थकतं. पूर्ण रिकामं होत नाही, लघवी उरू लागते. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात, आणि दाब मागे चढत गेला तर किडन्या फुगतात, आणि किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं.

उरलेली लघवी १०० मिलीच्या आत असेल तर वयस्कर माणसात सहसा काळजी करण्यासारखं नसतं. सतत ३०० मिलीच्या वर राहू लागली तर ती जुनाट तुंबण समजतात आणि मग किडनीकडे लक्ष द्यावंच लागतं. मात्र हा आकडा फसवतोही. सोनोग्राफी सेंटरवर ‘भरपूर पाणी पिऊन या’ सांगतात, नंबर यायला तास-दीड तास लागतो, मूत्राशय फुटायच्या बेताला येतं. मग ‘जाऊन या’ म्हटल्यावर अनोळखी संडासात, बाहेरून कुणी कडी वाजवत असताना, घाईघाईने केलेली लघवी अर्धवट राहणारच. अशा वेळी आकडा १५० आला म्हणून लगेच हबकू नये. ‘परत एकदा जाऊन येतो, पुन्हा बघा’ असं बेलाशक सांगावं.

जी तक्रार कुणी करत नाही

धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, मध्येच तुटणं, शेवटी थेंब थेंब गळणं, पुन्हा जावंसं वाटणं: ही लक्षणं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. डॉक्टरांकडे यासाठी सात प्रश्नांची एक छापील प्रश्नावली असते, प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. पण त्याखालचा आठवा प्रश्न मला सगळ्यांत शहाणा वाटतो. उरलेलं आयुष्य लघवीची हीच स्थिती राहिली तर तुम्हाला कसं वाटेल, असा तो प्रश्न. उपचार करायचे की नुसतं लक्ष ठेवायचं, हे बऱ्याच अंशी या उत्तरावर ठरतं.

पुरुष मात्र ही बेरीज स्वतःपासूनच लपवतात. एसटीने जायचं असेल तर सकाळपासून पाणी बंद. लग्नाला गेलं की आधी संडास कुठे आहे ते बघून खुर्ची धरायची. नाटकाचं तिकीट कडेच्या खुर्चीचं. एवढी सोय करून ‘मला काही त्रास नाही’ म्हणायचं. बायकोला हे आधी कळतं, कारण रात्री दिवा लागला की तिचीही झोप मोडते.

याहून धोकादायक गोष्ट चुपचाप घडते. पंचाहत्तरीचे आजोबा रात्री अंथरूण ओलं करू लागतात. घरचे समजतात, वय झालं, ताबा सुटला. डायपर आणले जातात. पण काही आजोबांचं मूत्राशय ताबा सुटून नव्हे, तर ओतप्रोत भरून वाहत असतं. जुनाट तुंबणीत दुखत नाही, पोट फारतर थोडं फुगीर दिसतं, आणि झोपेत वरची वर लघवी गळते. आत लिटरभर साचलेली असू शकते. अंथरूण ओलं होऊ लागलेल्या वृद्धाची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन आधी करावं, डायपरचं नंतर बघावं.

रात्री उठावं लागतं, पण दोषी कोण?

रात्री तीनदा उठावं लागतं म्हटलं की प्रोस्टेटची गोळी सुरू होते. कित्येकदा ती लागू पडत नाही, कारण मुळात लघवीच रात्री जास्त तयार होत असते. हे शोधायला महागडी तपासणी लागत नाही. प्लास्टिकचा मापाचा मग, वही आणि तीन दिवस पुरतात. प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती मिली झाली ते लिहायचं, काय आणि किती प्यालो तेही. झोपल्यानंतरची सगळी लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली मिळून रात्रीचा हिस्सा धरायचा.

समजा चोवीस तासांत १,८०० मिली झाली आणि त्यातली ८०० रात्रीच्या हिश्शात आली. म्हणजे ४४ टक्के. साठी-पासष्टीनंतर हा हिस्सा एक तृतीयांशाच्या वर गेला की रात्री लघवी जास्त तयार होते असं धरतात. अशा माणसाच्या प्रोस्टेटला बोल लावून उपयोग नाही. त्याच्या पायांकडे बघा. दिवसभर दुकानात खुर्चीवर बसून संध्याकाळी घोट्यापाशी सूज येत असेल, तर आडवं झाल्यावर ते पाणी रक्तात परत येतं आणि किडन्या ते रात्री बाहेर काढतात. दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडलं, पापड-लोणच्यातलं मीठ कमी केलं, की फरक दिसतो. बीपीसाठी लघवीची गोळी संध्याकाळी घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. जोरजोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हेही रात्रीची लघवी वाढवतं. घोरण्याचा उपचार केल्यावर लघवीला उठणं कमी झालेली माणसं असतात. मधुमेह ताब्यात नसेल तर चोवीस तास लघवी जास्त होणारच. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळे त्या सुरू केल्यावर लघवी वाढते.

वहीत उलटं चित्र निघालं, म्हणजे दर वेळी जेमतेम ६०-८० मिली आणि दिवसातून पंधरा वेळा, तर मूत्राशय चिडलेलं आहे किंवा रिकामंच होत नाहीये. या दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून पुन्हा तोच उरलेल्या लघवीचा आकडा बघावा लागतो.

पाणी तोडणं हा उपाय नाही. कमी प्यालं की लघवी गडद होते, मूत्राशयाला आणखी चुरचुरते, बद्धकोष्ठ होतो, आणि बद्धकोष्ठाने लघवीची अडचण वाढते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात तर मुतखड्याला आमंत्रणच. पाणी दिवसा प्यावं आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास हात आखडता घ्यावा. चहा-कॉफी आणि दारू मूत्राशयाला डिवचतात; रात्री जेवणानंतरचा ‘अर्धा कप’ बंद करून आठवडाभर बघावं. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न केला तर उरलेली थोडी तरी निघते. धार कमी असणाऱ्यांना बसून करणं सोयीचं पडतं. पँट चढवल्यावर थेंब गळण्याची लाज ज्यांना छळते, त्यांनी अंडकोशाच्या मागच्या भागावर बोटांनी हलकं दाबत पुढे आणावं. नळीच्या वळणात अडकलेले थेंब तिथेच निघून जातात.

सर्दीची गोळी आणि मध्यरात्रीची धावपळ

अडुसष्ट वर्षांचा माणूस. धार जरा बारीक, पण चाललं होतं. नाक गळायला लागलं म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली सर्दीची गोळी दुपारी घेतली, रात्री आणखी एक. पहाटे दोनला लघवीला गेला तर थेंब नाही. तीन वाजता पोट दगडासारखं, घाम फुटलेला, आणि घरात गाडी काढायची धावपळ. इमर्जन्सी विभागात काम केलेल्या कोणालाही विचारा, असा रुग्ण त्यांनी बघितलेला असतो.

गोळीच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचली तर कारण सापडतं. फेनिलेफ्रिन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं म्हणून नाक मोकळं होतं. तेच मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायूही आवळतं. सोबतचं क्लोरफेनिरामाइन नाक गळणं थांबवतं, आणि मूत्राशयाचा जोरही कमी करतं. दार घट्ट आणि ढकलणारा दुबळा. पोटात मुरडा येतो म्हणून घेतलेल्या काही गोळ्या, झोप आणणारी काही जुनी औषधं यांचाही असाच परिणाम होतो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्याने मेडिकलच्या काउंटरवर ‘मला प्रोस्टेट आहे’ हे तीन शब्द आधी बोलावेत.

लघवी पूर्ण तुंबली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. पाणी पिऊन जोर येईल ही समजूत दुखणं फक्त वाढवते. रुग्णालयात नळी घातली की मिनिटांत सुटका होते. पुढे गोळ्या सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून बघतात, आणि बऱ्याच जणांना पुन्हा आपली आपण लघवी होऊ लागते.

गोळ्या काय करतात

पहिल्या जातीची औषधं आवळलेला स्नायू सैल करतात. टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन ही त्यांतली नेहमीची नावं. काही दिवसांतच धार सुधारते, मात्र प्रोस्टेट तेवढीच राहते. रात्री उठताना चक्कर येऊ शकते, विशेषतः सोबत बीपीच्या गोळ्या असतील तर. म्हणून खाटेवर क्षणभर बसून मग उभं राहावं; या वयात खुब्याचं हाड मोडणं प्रोस्टेटपेक्षा महागात पडतं. वीर्य बाहेर न येणं हा दुसरा परिणाम, सिलोडोसिनमध्ये जास्त. अपाय नसतो, पण आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं किंवा पूर्वी घेतल्याचं सांगायलाच हवं. डोळ्यातला बुबुळाचा पडदा या औषधाने सैल पडतो आणि ऑपरेशन अवघड होतं.

दुसऱ्या जातीची औषधं गोळाच लहान करतात, आणि त्यांचा उगम एका वेगळ्याच ठिकाणी आहे. कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या एका खेड्यात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषी खुणा उमटत. अमेरिकी डॉक्टर ज्युलियान इंपेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये त्याचं कारण मांडलं. टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या जास्त जोरकस रूपात रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) या मुलांत जवळजवळ नव्हतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहत असे. तेच विकर गोळीने अडवलं तर? यातून फिनास्टेराइड आलं आणि १९९२ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटसाठी त्याला मान्यता मिळाली. ड्युटास्टेराइड त्याचंच भावंड.

या गोळ्यांनी प्रोस्टेट साधारण पाव हिश्शाने लहान होते, पण सहा महिने धीर धरावा लागतो. मोठ्या प्रोस्टेटमध्येच त्यांचा खरा उपयोग. ग्रॅमच्या आकड्याला महत्त्व येतं ते इथे. काहींना लैंगिक इच्छा कमी झाल्याचं जाणवतं, ते डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं. दोन्ही जाती एकत्र घेतल्यावर त्रास वाढत जाण्याचा धोका एकेकट्या गोळीपेक्षा कमी होतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. एरवी ताठरतेसाठी देतात त्या टाडालाफिलची रोजची ५ मिलीग्रॅमची गोळीही काहींना देतात, पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी वापरणाऱ्यांनी ती घ्यायची नाही.

आता जाहिरातींचं. सॉ पाल्मेटो नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल ऑनलाइन जोरात खपतात. अमेरिकेत २००६ आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चांगल्या चाचण्यांत त्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत; दुसऱ्या चाचणीत मात्रा तिप्पट करूनही नाही. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम प्रोस्टेट कॅन्सर टाळतात का, हे पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांत तपासलं गेलं. २०११ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला. आपल्याकडचा गोखरू, पुनर्नवा, वरुण यांचा काढा घेणारेही पुष्कळ. मूत्रल म्हणून त्यांची ख्याती जुनी आहे, पण वाट अडलेली असताना लघवी वाढवून काय साधणार, हा प्रश्न वैद्यांना जरूर विचारावा. भोपळ्याच्या बिया खायला चांगल्या लागतात, तेवढ्यासाठी खाव्यात.

पीएसए, रक्त आणि ऑपरेशन

कॅन्सर बहुतेक वेळा प्रोस्टेटच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, नळीपासून दूर. म्हणून सुरुवातीला लघवीचा त्रास होत नाही. धार जोरदार आहे म्हणून निर्धास्त राहणं जसं चूक, तसं धार बारीक झाली म्हणून कॅन्सरच्या धास्तीने झोप उडवून घेणंही चूक. पीएसए म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची रक्ततपासणी. तिचा आकडा कॅन्सरमध्ये वाढतो, आणि साध्या वाढीत, लघवीच्या जंतुसंसर्गात, नळी घातल्यावरसुद्धा वाढतो. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ती आपोआप येते आणि ५.२ आकडा बघून घरात सुतकी कळा पसरते. संसर्ग झाला असेल तर महिना-दीड महिना थांबून पुन्हा करावी. तपासणीआधी दोन दिवस वीर्यस्खलन टाळावं. फिनास्टेराइडवर असणाऱ्यांचा पीएसए सहा महिने ते वर्षभरात निम्म्यावर येतो, तेव्हा २.५ चा अर्थ ५ असा लावायचा असतो. गोळीचा उल्लेख न करता रिपोर्ट दाखवला तर कुणाचीही फसगत होईल. वडील किंवा भावाला प्रोस्टेट कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट, त्यामुळे अशांनी ही चर्चा लवकर करावी. एरवी ५५ ते ६९ या वयात फायदे-तोटे समजून घेऊन ठरवावं. सत्तरीनंतर त्रास नसताना नेमाने पीएसए करण्याला अमेरिकी तज्ज्ञगटाचा पाठिंबा नाही.

एका लक्षणावर मात्र चर्चा नको. लघवीतून रक्त, एकदाच आणि न दुखता गेलं, तरी तपासणी झालीच पाहिजे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर त्याच आठवड्यात. तो मूत्राशयाचा कॅन्सर असू शकतो, आणि धूम्रपान हे त्याचं सर्वांत मोठं कारण आहे.

ऑपरेशनची वेळ येते ती पुन्हा पुन्हा लघवी तुंबली, वारंवार संसर्ग झाला, मूत्राशयात खडा झाला, किडनीवर परिणाम दिसला किंवा गोळ्यांनी भागेनासं झालं तर. दुर्बिणीने, लघवीच्या वाटेनेच आतला वाढलेला भाग खरवडून काढतात. ‘टीयूआरपी’ ते हेच. मोठी प्रोस्टेट असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लेसरचा मार्ग बरा पडतो. नंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं; ताठरतेवर सहसा परिणाम होत नाही. आणि ‘प्रोस्टेट काढली’ असं म्हटलं जात असलं तरी निघतो तो गाभा. ग्रंथीचं बाहेरचं कवच जागेवरच राहतं, त्यात पुढे कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळे पीएसएबद्दल वर जे लिहिलं ते ऑपरेशन झालेल्यांनाही लागू आहे.